थंड आई, अलौकिक मुलगा आणि न दिसणारी मुलगी

ऑटिझम, मराठीत स्वमग्नता, हा शब्द आपल्यापैकी बहुतेकींनी पहिल्यांदा ऐकला तो दवाखान्यात नव्हे आणि शाळेतही नव्हे. तो आपल्याकडे आला सिनेमातून, मालिकेतून, नाही तर वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतून. त्यामुळे स्वमग्न माणूस म्हटलं की डोळ्यांपुढे काय यावं, हे आधीच ठरून गेलेलं असतं. तो पुरुष असतो. नजर चुकवतो, एकसुरी बोलतो, पण गणितात किंवा गाण्यात अचाट असतो. त्याच्या शेजारी त्याची आई असते. ती एक तर त्याच्यासाठी आयुष्याची होळी केलेली त्यागमूर्ती असते, नाही तर त्याला असं करून ठेवणारी कोरडी, स्वतःपुरतं पाहणारी बाई. आणि स्वमग्न मुलगी? ती बहुतेक वेळा चित्रात नसतेच. असली तर परी असते.

मैत्रिणींनो, हे चित्र नुसतं चुकीचं असतं तर मी त्यावर पानं खर्च केली नसती. सिनेमात काय कमी चुका असतात! पण हे चित्र चुकीचं असूनही टिकतं, कारण ते सोयीचं आहे. आईला दोषी ठरवलं की विज्ञानाला अवघड प्रश्न टाळता येतात. आईला देवी ठरवलं की सरकारची आणि बापाची सुटका होते. मुलगा अलौकिक ठरला की जे अलौकिक नाहीत त्यांच्याकडे बघायची गरज उरत नाही. आणि मुलगी कुणाला दिसलीच नाही, तर तिच्यासाठी काही करायचा प्रश्नच येत नाही. या सगळ्याची किंमत दोन बायका भरतात, आई आणि मुलगी.

मी एका 19 वर्षांच्या स्वमग्न मुलीची आई आहे आणि त्याहून जास्त वर्षं स्त्रियांच्या संघटनेत काम करते आहे. हे लिहिते आहे ते सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. आपण ज्याला मातृत्वाचं राजकारण म्हणतो, ते इथे किती उघडंवाघडं आहे, हे दाखवावं म्हणून.

फ्रिजमधली आई

आधी दोषी आईची गोष्ट घेऊ, कारण स्वमग्नतेची जाहीर चर्चाच मुळी तिथून सुरू झाली.

1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने 11 मुलांवर एक निबंध लिहिला. त्यात 8 मुलगे होते आणि 3 मुली. ही अवस्था जन्मजात असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. पण त्याच निबंधात या मुलांचे आईबाप फारसे मायाळू नाहीत, असेही शेरे आहेत. 11 पैकी 9 आया पदवीधर असल्याची नोंद आहे. आता त्या काळात मुलाला घेऊन बड्या तज्ज्ञापर्यंत पोचणं कुणाला परवडणार? शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांनाच. हे साधं कारण बाजूला पडलं आणि शिकलेली बाई थंड असते, हा जुनाच समज शास्त्राचा कोट घालून पुन्हा समाजात वावरू लागला. 1949 पर्यंत कॅनर असं लिहू लागला की ही मुलं जणू न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये वाढली आहेत. 'टाइम' साप्ताहिकाने तर त्याआधीच, 1948 मध्ये, 'गोठलेली मुलं' अशा अर्थाच्या मथळ्याखाली ही गोष्ट घराघरांत पोचवली होती. 'फ्रिज आई' हा शब्द रूढ झाला तो असा.

त्यावर कळस चढवला शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइमने. हा माणूस स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छावण्यांतून सुटून आलेला. 1967 मध्ये 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकात त्याने स्वमग्न मुलांच्या अवस्थेची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. मुलं कैदी, तर मग पहारेकरी कोण? अर्थात आई. आपल्याला विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हा गृहस्थ 'लेडीज होम जर्नल' या बायकांच्या मासिकात वर्षानुवर्षं सदर लिहीत होता. बायकांना दोषी ठरवणारा मजकूर बायकांच्याच मासिकात, त्यांच्याच पैशाने छापला जातो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

त्याच 1967 साली आणखी एक पुस्तक आलं होतं, 'द सीज'. लिहिणारी होती क्लारा क्लेबोर्न पार्क, एका स्वमग्न मुलीची आई. मुलीला भिंतीपलीकडून कसं हाक मारत राहिलो, कुठली युक्ती लागू पडली, कुठली फसली, याच्या बारीक नोंदी तिने ठेवल्या होत्या. एका बाजूला आईचं निरीक्षण होतं आणि दुसऱ्या बाजूला आईवरचं आरोपपत्र. सिद्धांत म्हणून गाजलं ते आरोपपत्र. आईचं निरीक्षण 'हृदयस्पर्शी अनुभव' या खात्यात जमा झालं.

1969 मध्ये पालकांच्या एका सभेत कॅनरने आईबापांना निर्दोष जाहीर केलं. निर्दोष! मुळात खटला कुणी भरला होता? 1977 मध्ये सुझन फोल्स्टिन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या 21 जोड्यांचा अभ्यास करून यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचं दाखवलं. शास्त्रापुरता तो प्रश्न मिटला. पण माध्यमांत आई काही सुटली नाही, फक्त आरोपाचं कलम बदललं.

1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्डने अवघ्या 12 मुलांच्या आधारे गोवरादी लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. तो निबंध 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला, पण तोवर लस टोचून आणणाऱ्या लाखो आयांच्या मनात 'मीच केलं का हे' हा काटा रुतून बसला होता. मग सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाउसमधून गरोदर बायकांना सांगितलं की टायलेनॉल घेऊ नका, सोसा. टायलेनॉल म्हणजे आपल्याकडची क्रोसिन, पॅरासिटामॉल. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधल्या सुमारे 25 लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केल्यावर असा संबंध उरत नाही, असं दिसलं होतं. पण गोळी न घेता ताप अंगावर काढणारी बाई हे चित्र कुणाला आवडत नाही? आमच्या केंद्रात त्या आठवड्यात तीन आया येऊन गेल्या. तिघींचा प्रश्न एकच होता. सातव्या महिन्यात ताप आला होता, एक गोळी घेतली होती, त्यानेच झालं का हो?

आपली वर्तमानपत्रंही मागे नाहीत. मोबाइल दाखवून जेवू घातल्यामुळे मुलाला 'व्हर्च्युअल ऑटिझम' होतो, असे मथळे वाचून तुम्हीही दचकला असाल. अशी कोणतीही संज्ञा डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-5 या ग्रंथात नाही. लहान मुलाला तासन्‌तास पडद्यापुढे बसवू नये, हे खरंच आहे. पण मोबाइल हातात कोण देतं? एका हाताने पोळ्या लाटत दुसऱ्या हाताने मूल सांभाळणारी बाई. तिच्या दुसऱ्या हातातलं ओझं कुणी उचलावं, यावर मथळा होत नाही.

माझ्या मुलीच्या वेळी एका डॉक्टरांनी मला विचारलं, गरोदरपणी नोकरी करत होतात का? शेजारी माझा नवरा बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. बापाचं वय वाढलेलं असेल तर स्वमग्नतेची शक्यता थोडी वाढते, असं अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. तरी 'फ्रिज बाप' हा शब्द तुम्ही कधी ऐकलात?

शाल, श्रीफळ आणि बिनपगारी नोकरी

दोषी आईची दुसरी बाजू म्हणजे देवी आई. आपल्याकडच्या सिनेमाला हीच जास्त प्रिय. 'माय नेम इज खान' (2010) मधली आई आठवा. ती गरीब आहे, एकटी आहे, प्रेमळ आहे. तिने रिझवानला जगातली सगळी नीती शिकवली. आणि शिकवून झाल्यावर ती मरते. मुलगा अमेरिकेला जातो, प्रेम करतो, लग्न करतो, राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघतो. आईचं काम संपलं, आई संपली. तिला रात्री झोप लागत होती का, मुलापलीकडे तिला काही हवं होतं का, हे विचारायला पटकथेत जागा नाही.

मला हे का खुपतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका मंडळाने मला 'आदर्श माता' म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ, साडी आणि ओटी. भाषणांत वक्त्यांनी मला यशोदेपासून जिजाऊपर्यंत सगळ्यांच्या रांगेत बसवलं. त्याच मंडळाकडे मी आणि आणखी पाच जणींनी वर्षभर एक मागणी लावून धरली होती. मंडळाची खोली दिवसभर बंद असते. शाळा सुटलेल्या मोठ्या स्वमग्न मुलामुलींसाठी ती दुपारी तीन तास उघडून द्या, भाडं देतो. ते जमलं नाही. शाल जमली. देवीला हार घालता येतो, तिला किल्ली द्यावी लागत नाही.

देवी करण्यातली मेख हीच आहे. जे काम आहे त्याला 'प्रेम' म्हटलं की त्याचा हिशोब मागता येत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष 88 मिनिटं. मुलांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ याहून वेगळा. ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घरात नोकरी सोडायची कुणी, यावर चर्चाही होत नाही. मी सोडली. आमच्या गटात 14 आया आहेत, त्यांतल्या 11 जणींनी सोडली. एकाही बापाने सोडलेली नाही. मी बापांना खलनायक ठरवत नाही. थेरपीची फी कुणीतरी कमवायला हवी, हे मलाही कळतं. पण सिनेमा जेव्हा या 11 जणींच्या गेलेल्या पगाराला, नसलेल्या पेन्शनला, दुखणाऱ्या पाठीला 'ममता' असं नाव देतो, तेव्हा तो एका अन्यायाला पार्श्वसंगीत देत असतो.

आणि या संगीतात सरकार मजेत झोपतं. 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, पण अपंगांच्या मुख्य कायद्यात यायला 2016 साल उजाडलं. त्या कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वं मान्य केली. कागदावरच्या या हक्कांसाठी सुद्धा रस्ता काढला तो आईबापांनीच. दिल्लीतली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था 1991 मध्ये मेरी बरुआ या एका आईने सुरू केली. अशा बाईवर सिनेमा निघत नाही, कारण ती रडत बसत नाही, मागण्या करते.

देवीच्या चित्राला आणखी एक काळी किनार आहे. 2006 मध्ये अमेरिकेतल्या 'ऑटिझम स्पीक्स' या बड्या संस्थेने 'ऑटिझम एव्हरी डे' नावाचा माहितीपट केला. त्यात एक आई कॅमेऱ्यापुढे सांगते की मुलीला गाडीत घालून पुलावरून गाडी खाली घालावी, असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. तिची ती मुलगी त्या वेळी त्याच खोलीत होती. त्या आईच्या थकव्याची मी टिंगल करणार नाही. तो थकवा मला ठाऊक आहे. पण कॅमेरा कुठे लावायचा हे त्या आईने ठरवलेलं नव्हतं. बनवणाऱ्यांनी आईला हुतात्मा केलं आणि मुलीला संकट. दोघींनाही मदत हवी होती, आणि पडद्यावर मात्र त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या. स्वमग्न माणसांच्या चळवळीतल्या लोकांनी या माहितीपटावर झोड उठवली, ती योग्यच होती.

"काय येतं तिला?"

आता अलौकिक मुलाकडे येऊ. 1988 चा 'रेन मॅन' हा या घराण्याचा मूळ पुरुष. डस्टिन हॉफमनने रंगवलेला रेमंड पत्ते लक्षात ठेवतो, सांडलेल्या काड्या क्षणात मोजतो. सिनेमाला चार ऑस्कर मिळाली. त्यामुळे जगाला ऑटिझम हा शब्द कळला, हे मी नाकारत नाही. पण ज्या किम पीक या माणसावरून ही भूमिका सुचली तो मुळात स्वमग्न नव्हता. स्मरणशक्तीची किंवा गणिताची अशी देणगी स्वमग्न माणसांपैकी थोड्याच जणांकडे असते. आपल्याकडे सुभाष घईंच्या 'युवराज' (2008) मध्ये अनिल कपूर तोच साचा घेऊन आला, फक्त पत्त्यांच्या जागी सूर आले. पुढे अमेरिकन मालिकेतला 'गुड डॉक्टर' आला. पुरुष, प्रतिभावान, विक्षिप्त, आणि त्या प्रतिभेच्या बदल्यात सगळं माफ.

या साच्याचा घरात शिरून काय परिणाम होतो? माझी मुलगी स्वमग्न आहे असं कळलं की शेजारीण, मावशी, रिक्षावाले काका, सगळे एकच विचारतात, "काय येतं तिला?" म्हणजे देणगी कुठली आहे? मी सांगते, तिला भाकरी येते, कपड्यांच्या घड्या येतात, बसचे नंबर पाठ आहेत, आणि आवडत नाही ते 'नको' म्हणता येतं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. माणूस असणं पुरत नाही, जगण्याचा परवाना म्हणून चमत्कार दाखवावा लागतो. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं आणि सरकारी कागदांवर तो शब्द बसला. शब्द गोड आहे, पण वृत्ती तीच. दिव्य असाल तर वंदन. नुसतेच माणूस असाल, तुम्हाला रॅम्प, शाळा, शौचालय, नोकरी हवी असेल, तर अर्ज ठेवून जा.

आणि हे दिव्यत्वही पुरुषांच्याच वाट्याला येतं. विक्षिप्त हुशार मुलगा 'जीनियस' असतो. तशीच मुलगी 'आगाऊ', 'घुमी', 'सासरी कशी नांदणार' असते.

मुलगी दिसत का नाही

याचं एक कारण शास्त्रातच आहे. मुलग्यांचं वर्णन करून निकष ठरले, त्या निकषांवर मुलगेच जास्त सापडले, आणि मग 'हे मुलग्यांचंच असतं' असं ठरलं. गंमत पाहा, कॅनरच्याही आधी, 1925 मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत बाईने अशा मुलांचं वर्णन केलं होतं, आणि 1927 मध्ये मुलींबद्दल वेगळं लिहिलं होतं. तिचं नाव इतिहासात यायला जवळपास शतक लागलं. 1981 मध्ये ॲस्पर्गरचं काम इंग्रजी जगापुढे आणणारी आणि स्वमग्नतेचा एकच ठसा नसतो, अनेक छटा असतात, हे ठसवणारी लोर्ना विंग ही डॉक्टर होती आणि एका स्वमग्न मुलीची आईही होती. म्हणजे मुलगी पाहिली ती बायकांनीच.

पूर्वी चार मुलग्यांमागे एक मुलगी असं सांगत. 2017 मध्ये 54 अभ्यास एकत्र तपासल्यावर प्रमाण तिनास एकच्या जवळ आलं. म्हणजे ज्यांना निदान मिळायला हवं अशा कितीतरी मुली निदानाविना राहतात. आणि त्या कशा राहतात हे कळायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. मुलीला आपण काय शिकवतो? गप्प बस. हसून बोल. पाहुण्यांपुढे ये. मामांना नमस्कार कर. मध्ये बोलू नकोस. स्वमग्न मुलगी हे सगळं पाठ करते. माझ्या लेकीने वर्गातल्या एका मुलीचं हसणं तंतोतंत उचललं होतं, घरी आरशापुढे सराव करायची. शाळेत ती 'शहाणी, शांत मुलगी' होती. घरी येऊन दोन-दोन तास पलंगाखाली पडून राहायची. निदान झालं ते 11 व्या वर्षी. तोवर तीन जाणत्या माणसांनी मला सांगितलं होतं, मुलीच्या जातीला थोडं लाजणं असायचंच. मुलगा असा वागला असता तर त्याला चौथ्या वर्षी दवाखान्यात नेलं असतं. मुलीचं दुखणं संस्कारात खपून गेलं.

पडद्यावर मुलगी येते तेव्हा काय होतं? 'बर्फी' (2012) मधली झिलमिल पाहा. प्रियांका चोप्राने कष्ट घेतले, यात वाद नाही. पण झिलमिल मोठी बाई असून सिनेमाभर मूल राहते. तिचं प्रेम आहे, पण तिला देह नाही. तिची गोष्टही ती सांगत नाही, दुसरी स्त्री सांगते. 'तन्वी द ग्रेट' (2025) मध्ये नायिका स्वमग्न मुलगी आहे, हे पाऊल पुढचं. पण तिचं मोल सिद्ध होण्यासाठी तिने सैन्यात जायचं स्वप्न पाहावं लागतं, तेही बापाचं. कोरियातली 'एक्स्ट्राऑर्डिनरी ॲटर्नी वू' (2022) ही मालिका आपल्या मुलींनी डोक्यावर घेतली. नायिका स्वमग्न, वकील, हुशार, आवडावी अशी. तिला वाढवलं बापाने. आणि आई? करिअरसाठी तान्ह्या मुलीला सोडून गेलेली. फ्रिज आई कोट बदलून पुन्हा हजर! 'सितारे जमीन पर' (2025) मध्ये 10 खेळाडूंच्या भूमिका अशाच अवस्था असलेल्या कलाकारांनी स्वतः केल्या, हे मी मनापासून मानते. त्या 10 जणांत मुलगी एक.

'निरागस', 'परी', 'देवाघरचं फूल' हे शब्द आपल्याला प्रेमळ वाटतात. पण ते कुठवर नेतात ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1994 च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या 'मतिमंद' म्हणवल्या गेलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही. तेव्हा स्वमग्नता हा शब्दच फारसा कुणाला माहीत नव्हता. सगळ्या मुली एकाच शब्दाखाली कोंबल्या जात. स्त्री संघटना तेव्हा रस्त्यावर उतरल्या. आज 2016 च्या कायद्याचं कलम 10 सांगतं की अपंग व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येणार नाही. पण 'ही तर मूलच आहे, हिला कशाला हवं गर्भाशय' हा विचार अजून घरांत कुजबुजला जातो, आणि मलाही तो सल्ला मिळालेला आहे, अगदी प्रेमाने. पडद्यावरच्या परीला पाळी येत नाही. माझ्या मुलीला येते. पॅडचा स्पर्श तिला सहन होत नाही, म्हणून आम्ही जुन्या मऊ सुती साडीच्या घड्या करतो, आणि त्या ती स्वतः बदलते. हे शिकायला आम्हा दोघींना सात महिने लागले. तिच्या देहावरचा तिचा हक्क त्या सात महिन्यांत कमावलेला आहे. ही गोष्ट कुणाला सिनेमाची वाटत नाही.

शब्दापासून सुरुवात

जाता जाता आपल्या भाषेबद्दल. 'स्वमग्न' हा शब्द मराठीत निदानाआधीपासून आहे, आणि त्याचा अर्थ स्वतःतच बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला. अग्रलेखांत 'स्वमग्न सत्ताधारी' असं आपण सहज वाचतो. तोच शब्द माझ्या मुलीच्या प्रमाणपत्रावर आहे. तिला इतरांची पर्वा नाही, हे धादांत खोटं आहे. कुकरची शिट्टी, मिरवणुकीतला डीजे, नव्या कपड्याचं टोचणारं लेबल आणि समोरच्याचा आवाज हे सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून ती कान झाकते. मी रडले तर ती जवळ येत नाही, पण पाण्याचा तांब्या आणून ठेवते. शब्द बदलता येईल की नाही ते मला सांगता येणार नाही. पण निर्दय राज्यकर्त्यांना शिवी म्हणून तो वापरणं तरी लिहिणाऱ्यांनी थांबवावं. त्यांच्यासाठी 'निर्ढावलेले' हा चांगला मराठी शब्द आहे.

आता मागण्या. मालिका-सिनेमा करणाऱ्यांनी स्वमग्न स्त्रियांना विचारून लिहावं, आणि त्यांना भूमिका द्याव्यात. आम्हा आयांना विचारावं, पण मुलींच्या ऐवजी नव्हे. वर्तमानपत्रांनी 'आईच्या या चुकीमुळे' अशा धर्तीचे मथळे बंद करावेत. सरकारने पुरस्कार देऊ नयेत. तालुक्याच्या ठिकाणी निदानाची सोय, दिवसभराची केंद्रं आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीला भत्ता द्यावा.

आणि चौथी मागणी आपल्याकडे, चळवळीकडे. आपण मातृत्वाच्या उदात्तीकरणावर शिबिरं घेतली, बिनपगारी श्रमांवर पोस्टर काढली, देहावरच्या हक्काच्या घोषणा दिल्या. पण आपल्या शिबिराला येताना अपंग मुलीला कुठे ठेवायचं म्हणून जी आई घरीच राहिली, तिची खुर्ची रिकामी आहे हे आपल्या लक्षात आलं का? आणि ती मुलगी स्वतः आली, टाळ्यांच्या आवाजाने कान झाकून बसली, मध्येच उठून फेऱ्या मारू लागली, तर आपण तिला 'सहभागी' म्हणणार की 'व्यत्यय'? पुढच्या मेळाव्यात एक शांत खोली ठेवा, टाळ्यांऐवजी हात हलवा, पाळणाघरात वयाची अट घालू नका. या तीन गोष्टींना ना अनुदान लागतं ना कायदा. त्या आपण याच वर्षी करू शकतो. आपल्या गावात कुणी अशी मुलगी, अशी बाई असेल, तिला सांगायचं, लिहायचं, चित्र काढून दाखवायचं असेल, तर या मासिकाची पानं तिला उघडी हवीत. आम्हा आयांचं बोलून झालं असं नाही, पण आता तिचं ऐकायची पाळी आहे.